गाडीतलं ब्लूटूथ: नेमकी कुठली वाट तुटली?

(कोल्हापुरातील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, शेती असे विषय असतात आणि ते असायलाच हवेत. संयोजकांनी यंदा एक संध्याकाळ गाडीतल्या ब्लूटूथला दिली, याचा मला मनापासून आनंद आहे. विषय किरकोळ वाटला तरी त्यापायी लोकांचा पैसा हकनाक जातो. टेप बरी असते, फोनही बरा असतो, तरी दोघांचं जमेना म्हणून माणूस वैतागतो आणि नवी टेप बसवून येतो. नव्या टेपवर ब्लूटूथ लगेच लागतं, त्यामुळे जुनी बिघडलीच होती अशी त्याची खात्री पटते. प्रत्यक्षात फोनची ओळख नव्याने करून दिली गेली, एवढंच घडलेलं असतं. ती जुन्या टेपलाही करून देता आली असती, एक रुपया न खर्चता.

‘ब्लूटूथ लागत नाही’ ही तक्रार अपुरी आहे, असं माझं म्हणणं आहे. फोन आणि टेप यांच्यात एकच दोरी नसते. बोलण्याचा आवाज एका वाटेने जातो, गाणी दुसऱ्या वाटेने. स्टिअरिंगवरच्या बटणाने गाणं पुढे सरकवलं तर तो हुकूम तिसऱ्या वाटेने फोनकडे येतो आणि टेपच्या पडद्यावर दिसणारी नावांची यादी चौथ्या. या प्रत्येकाची नियमावली वेगळी लिहिलेली आहे. एक वाट बंद पडली तरी बाकीच्या चालू राहू शकतात. म्हणून फोन आला तर बोलता येतं, पण गाणं मात्र फोनमध्येच वाजत राहतं, असा प्रकार होतो. तो बिघाड नव्हे.

तुमचा फोन हातात घ्या. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ उघडा, टेपच्या नावाशेजारचं दातेरी चाक दाबा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तिथे वेगवेगळे खटके दिसतील: कॉल, मीडिया ऑडिओ, संपर्क. मीडिया ऑडिओचा खटका बंद असेल तर जगातला कुठलाही मेकॅनिक तुमच्या टेपवर गाणं वाजवू शकणार नाही. नावं दिसत नसतील तर पहिल्या जोडणीच्या वेळी फोनने संपर्कांची परवानगी मागितली होती आणि आपण घाईत ‘नको’ म्हटलं होतं, असं समजा. आवाज फारच बारीक येत असेल तर फोनचा आवाज आणि टेपचा आवाज हे दोन वेगळे आहेत, हे ध्यानात घ्या. फोनचा पूर्ण वाढवावा, मग टेपवर हवा तेवढा ठेवावा. आणि सगळे खटके चालू असूनही टेप मुकीच असेल, तर खिशातल्या डबीतले इअरबड जागे होऊन आवाज पळवत नाहीत ना, तेही पाहावं.

आता ओळखीकडे वळतो, कारण सर्वात जास्त गोंधळ तिथेच आहे. पहिल्यांदा जोडणी करताना दोन्ही उपकरणं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि ती दोघंही आपापल्याकडे जपून ठेवतात. जुन्या टेपवर त्यासाठी 0000 किंवा 1234 दाबावं लागे. आता दोन्ही पडद्यांवर सहा आकडे दिसतात आणि ते जुळले की ‘हो’ म्हणायचं असतं. पुढच्या प्रत्येक वेळी याच किल्लीवर ओळख पटते. समजा, फोन दुरुस्तीला गेला आणि तिथे पूर्ण पुसला गेला. फोनकडची किल्ली गेली, टेपकडे मात्र जुनी राहिली. गुळाच्या सौद्यात अडत्याच्या वहीत एक आकडा आणि शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीवर दुसरा असेल तर पैसे सुटत नाहीत, तसं हे आहे. अशा वेळी लोक फोनमधून टेपचं नाव काढतात, पुन्हा जोडायला जातात, आणि पुन्हा नकार येतो. कारण टेपमधलं फोनचं जुनं नाव कुणी काढलेलंच नसतं. नाव दोन्हीकडून काढा. मग फोन एकदा बंद करून चालू करा, टेपही बंद-चालू करा आणि गाडी उभी असताना जोडणी करा. हा उपाय सांगितल्यावर ‘ते करून पाहिलं’ असं उत्तर येतं, तेव्हा मी विचारतो, दोन्हीकडून? बहुतेक वेळा एकीकडूनच झालेलं असतं.

टेपची यादी भरलेली असणं हाही त्यातलाच भाग. टेप मोजकेच फोन लक्षात ठेवते. घरातल्या सगळ्यांचे, पाहुण्यांचे, ड्रायव्हरचे फोन जोडत गेलो की नव्याला जागा उरत नाही, आणि काही टेप तसं सांगतही नाहीत. शिवाय घरातले दोन ओळखीचे फोन गाडीत असले की टेप तिच्या सवयीने एकाला आधी धरते. तुमचा लागत नाही असं वाटतं, तेव्हा मागच्या सीटवरच्या पर्समधला फोन जोडलेला असतो.

काही गाड्यांत मात्र रोज सकाळी नव्याने जोडावं लागतं. इथे फोनकडे पाहूच नका. टेप बाहेरून बसवली असेल तर तिच्या मागच्या वायरींकडे पाहा. पिवळी वायर बॅटरीवरून कायमचा 12 व्होल्टचा पुरवठा घेते आणि टेपची स्मरणशक्ती त्यावर टिकते. लाल वायर किल्ली फिरवली की जागी होते. काळी बॉडीला अर्थ. बसवणाऱ्याने घाईत पिवळी आणि लाल एकत्र पिळून किल्लीच्या लाइनवर दिली, तर गाडी बंद करताच टेपचा सगळा पुरवठा तुटतो. घड्याळ मागे जातं, साठवलेली स्टेशनं पुसली जातात आणि बऱ्याच टेपांमध्ये फोनची ओळखही जाते. म्हणून मी आधी घड्याळ बघायला सांगतो. ते रोज चुकत असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनचं थोडंसंच काम आहे. याच दोन वायरी उलट बॅटरीवर एकत्र दिल्या, तर टेप कधी झोपतच नाही आणि चार दिवस उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही. मग दोष बॅटरीला दिला जातो.

मध्येच आवाज तुटण्याचं कारण समजायचं तर लहरींची थोडी ओळख हवी. स्वीडनमधल्या लुंड इथे, एरिक्सन कंपनीत, 1994 च्या सुमारास याप हार्टसन या डच अभियंत्याने हे तंत्र आकाराला आणलं. 1998 मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा एकत्र आल्या आणि त्याला सर्वांसाठीचं मानक म्हणून रूप दिलं. लहरी 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या. याच पट्ट्यात घरचं वायफाय चालतं. गर्दीतून वाट काढायची म्हणून आपल्या फोन-टेपसारखी जोडी 79 लहान कप्प्यांमध्ये सेकंदाला 1,600 वेळा उड्या मारत बोलते. 2003 पासून तिला गजबजलेले कप्पे टाळण्याचीही सोय मिळाली. मला ही रचना फार देखणी वाटते. एवढ्या गडबडीत, इतक्या कमी शक्तीवर गाणं अखंड ऐकू येतं, हे मोठंच काम आहे. पण पाणी या लहरी शोषून घेतं आणि माणसाचं शरीर बरंचसं पाणीच आहे. फोन मागच्या खिशात, त्यावर आपण बसलेलो, असं असेल तर आवाज तुटू शकतो. फोन डॅशबोर्डजवळच्या होल्डरमध्ये ठेवून पाहा. डॅशकॅमचं वायफाय चालू असेल तर तेही बंद करून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिवाजी उद्यमनगरातल्या चांगल्या मिस्त्रीची शिस्त इथेही पाळावी. सगळं एकदम बदललं तर दुरुस्त होईल, पण कशाने झालं ते कळणार नाही.

मात्र तुटणारा प्रत्येक आवाज ब्लूटूथमुळे तुटतो असं नाही. गगनबावड्याकडे निघालात, कळे मागे पडलं, पुढे करूळ घाट उतरायला लागलात आणि गाणं थांबलं. टेपच्या पडद्यावर फोनचं नाव तसंच आहे. म्हणजे फोन आणि टेप यांचं बरं चाललंय. फोन आणि मोबाइलचा टॉवर यांचं तुटलंय. गाणं इंटरनेटवरून येत होतं, रेंज गेली, गाणं गेलं. खात्री करायची तर फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेलं गाणं लावा. ते वाजलं तर ब्लूटूथ निर्दोष.

जुन्या गाड्यांत सिगारेट लायटरच्या खोबणीत बसणारं एक यंत्र वापरतात. ते फोनकडून ब्लूटूथने गाणं घेतं आणि एफएमवर टेपला ऐकवतं. तिथली खरखर बहुतेक वेळा एफएमच्या टप्प्यात असते. कोल्हापुरात आकाशवाणी 102.7 वर आहे, खासगी केंद्रांपैकी काही 94.3 आणि 98.3 वर. त्यांच्यापासून लांबची रिकामी जागा निवडावी. कोल्हापुरात रिकामी असलेली जागा पुण्यात रिकामी असेलच असं नाही. तिथे 101 वर विविध भारती आहे. महामार्गावर खरखर वाढली तर जागा बदलावी, यंत्र फेकू नये.

नव्या गाड्यांत फोनचा नकाशा विनावायर टेपच्या पडद्यावर येतो. त्यात ब्लूटूथ फक्त पहिली गाठ घालून देतं, पुढचा सगळा भार वायफाय उचलतं. म्हणून ब्लूटूथ जोडलेलं दिसूनही नकाशा येत नसेल, तर फोनचं वायफाय बंद आहे का ते पाहा.

आणि हे सगळं गाडी उभी करून करा. गाडी चालवताना हातात फोन धरून बोलणं 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा कैदही लिहिलेली आहे. पण दंडापेक्षा मला रस्त्याची भीती वाटते. ताशी 80 किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. कागलच्या पुढे ट्रकच्या मागे असताना सेटिंग्जमध्ये डोकं घालणाऱ्याने हा हिशोब करावा.

जुनी गाडी घेणाऱ्या-विकणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. टेप फक्त फोन ओळखते असं नाही, ती बऱ्याचदा नावं आणि नंबरही उतरवून घेते. गाडी विकली की तुमच्या घरच्यांचे, डॉक्टरांचे, गिऱ्हाइकांचे नंबर तिच्याबरोबर जाऊ शकतात. कागदपत्रांवर सह्या करण्याआधी टेपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सगळं पुसून टाका. विकत घेणाऱ्यानेही पहिल्याच दिवशी जुनी यादी रिकामी करावी; त्यामुळे आपला फोन जोडायलाही जागा होते.

आता प्रश्न घेऊ. टेपवर एखादा संदेश दिसत असेल तर तो जसा लिहिलाय तसाच वाचून दाखवा, आणि फोन कुठला, टेप गाडीबरोबर आलेली की बाहेरून बसवलेली, तेही सांगा.