म्हाताऱ्या मांजरीचे डोळे

सुरतेजवळच्या उधन्याहून जळगावकडे लोहमार्ग जातो. त्या बाजूस नवागाम आणि दिंडोली या वस्त्या आहेत. कापडाच्या धंद्यात पोट भरण्यासाठी खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात स्थायिक झाली आहेत. खोल्या लहान आणि माणसे फार. तरी अशा घरांतूनही एखादे मांजर असतेच. धान्याला उंदीर लागू नयेत म्हणून आणलेले पिल्लू दहाबारा वर्षांत घरचेच माणूस होऊन बसते. मग केव्हातरी ही मांजरी पाण्याच्या पिंपावर आदळते, खाटेवर उडी घेताना चुकते, रात्री उगाच ओरडते. आणि घरातील कोणी वडीलधारे माणूस म्हणते, ‘वय झालं तिचं.’ या तीन शब्दांविषयीच आज मला बोलावयाचे आहे. कारण म्हाताऱ्या मांजरीची दृष्टी अनेकदा रोगाने जाते; पण तो रोग ओळखण्याची वेळ मात्र या तीन शब्दांपायी निघून जाते.

वयाने डोळ्यांत फरक पडतो, हे खरेच आहे. दहा वर्षांची मांजरी माणसाच्या हिशेबाने पन्नाशी ओलांडलेली असते, तर पंधरा वर्षांची पंचाहत्तरीच्या घरात पोहोचलेली असते. या वयात डोळ्यातील भिंग घट्ट होत जाते आणि बाहुलीत निळसर, धुरकट झाक दिसू लागते. पाहणाऱ्यास तो मोतीबिंदू वाटतो, पण बहुधा तो नसतो आणि मांजरीला नेहमीच्या व्यवहारापुरते चांगले दिसत असते. खऱ्या मोतीबिंदूत भिंग पांढरे पडते. मांजरांत तो कुत्र्यांच्या मानाने कमी आढळतो, आणि आढळला तर पुष्कळदा डोळ्याच्या आतील दाहाचा परिणाम असतो. म्हणजे नुसत्या वयाने येते ती एवढी धूसरता. आंधळेपण आले, तर त्याचे कारण दुसरीकडे शोधावयास हवे.

काल दिसत होते आणि आज दिसत नाही, असे म्हाताऱ्या मांजरीच्या बाबतीत घडले, तर पहिला संशय रक्तदाबाचा घ्यावा. उतारवयात मांजरांची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. काहींच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी अतिरेकी काम करू लागते. या दोन्ही विकारांत रक्तदाब चढतो. डोळ्याच्या मागील बाजूस दृष्टिपटल असते आणि त्याच्या पाठीशी बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. दाब फार वाढला की या वाहिन्यांतून पाणी पाझरते, कधी रक्तही येते. पावसाळ्यात भिंतीत ओल शिरली म्हणजे रंगाचा पापुद्रा जसा सुटून येतो, तसे हे दृष्टिपटल आपल्या जागेवरून सुटते. भर उजेडातही बाहुल्या मोठ्या व काळ्याभोर राहतात, कधी डोळ्यात रक्त उतरलेले दिसते, आणि मांजरी भिंतीच्या कडेकडेने चालू लागते.

येथे दिवसाचे मोल आहे. काही दिवसांच्या आत रक्तदाब उतरविला, तर सुटलेले दृष्टिपटल पुन्हा बसू शकते आणि थोडीफार दृष्टी परत येण्याची आशा असते. आठवडे लोटले म्हणजे ती आशा मावळते. माणसांना रक्तदाबासाठी देतात ते अॅम्लोडिपिन हेच औषध मांजरांसही देतात. मात्र त्याची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावयाची असते. घरातील आजोबांची गोळी मोडून मांजरीला घालणे हा उपाय नव्हे. मांजरीचा रक्तदाब मोजण्यास लहानसा पट्टा पुढच्या पायास किंवा शेपटीस बांधतात. तो सतत १६० च्या वर राहिला तर चिंतेची बाब समजतात. १८० च्या वर डोळ्यास मोठा धोका असतो. सात वर्षांनंतर वर्षातून एकदा ही मोजणी करून घ्यावी, हे उत्तम.

आता रात्रीच्या ओरडण्याविषयी. मांजराचे रडणे आपल्याकडे अशुभ मानतात आणि म्हाताऱ्या मांजरीस त्यासाठी मध्यरात्री दाराबाहेर काढतात. श्रोतेहो, हे रडणे थायरॉइडच्या विकाराचे, चढलेल्या रक्तदाबाचे किंवा नुकत्याच आलेल्या अंधत्वाचे चिन्ह असू शकते. अशुभाचा अर्थ शोधण्यापेक्षा सकाळी तिच्या डोळ्यांत विजेरीचा प्रकाश टाकून पाहावा आणि बाहुल्या आकसतात की नाही हे लक्षात घ्यावे.

हळूहळू जाणारी दृष्टी मात्र सहज ध्यानात येत नाही. मांजरी घराचा नकाशा पाठ करून ठेवते. मिशा आणि कान तिला डोळ्यांची उणीव भासू देत नाहीत. तिच्या तोंडासमोर हात हलवून परीक्षा घेतली तर ती फसवी ठरते, कारण हाताचा वारा मिशांना कळतो. त्यापेक्षा कापसाचा बोळा तिच्यासमोर वरून खाली सोडावा. त्याचा आवाज होत नाही. दिसत असेल तर तिची नजर त्याच्यामागे जाते. दुसरी परीक्षा म्हणजे एखादा पाट नेहमीच्या वाटेत ठेवून पाहावा. जाणत्या घरात आदळणारी मांजरी पुष्कळ दिवसांपासून कमी पाहत असते.

आहाराचा विचारही येथे केला पाहिजे. दूध-भाकरी कालवून मांजरीपुढे ठेवली की आपले कर्तव्य संपले, असे कित्येक घरांत समजतात. जी मांजरी बाहेर उंदीर मारून खाते, तिचे त्यावर भागते. घरात कोंडून राहणाऱ्या मांजरीचे मात्र भागत नाही. टॉरिन नावाचा एक पदार्थ मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही; तो मांसातून आणि मासळीतून मिळवावा लागतो. १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की दुधातील प्रथिनांवर पोसलेल्या मांजरांत टॉरिन कमी पडून दृष्टिपटल झिजते. १९८७ साली याच उणिवेचा हृदयविकाराशी असलेला संबंधही उघड झाला. झिजलेले दृष्टिपटल पुन्हा येत नाही, पण पुढची झीज आहार सुधारून थांबविता येते. मासळी उकडून देत असाल, तर उकडलेले पाणी फेकू नये. टॉरिन त्या पाण्यात उतरते. ज्यांच्या घरी मांस शिजत नाही, त्यांनी मांजरांसाठी तयार केलेले पूर्ण खाद्य आणावे. आपला आहारधर्म आपण पाळावा. मांजरीच्या शरीराचा धर्म निराळा आहे.

औषधांच्या बाबतीत एक सूचना आवर्जून करतो. डोळा लाल दिसला की घरात उरलेले थेंब घालण्याची सवय घातक आहे. बुबुळावर जखम असेल आणि थेंबांत स्टेरॉइड असेल, तर जखम चिघळून डोळा फुटण्यापर्यंत पाळी येते. एन्रोफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक अधिक मात्रेत दिल्यास मांजराचे दृष्टिपटल कायमचे बिघडू शकते. पॅरासिटामॉल तर मांजरास विषच होय. बुबुळाच्या रंगीत भागावर नवे काळे-तपकिरी डाग वाढू लागले, किंवा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसू लागला, तर तेही पशुवैद्यास दाखवावे. गाठ किंवा काचबिंदू अशाच रूपाने प्रकट होतो.

मुक्या प्राण्यांच्या म्हातारपणाची काळजी ही सुरतेला नवी गोष्ट नाही. १६८९ साली इंग्लंडहून निघून येथे आलेला इंग्रज धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन याने आपल्या प्रवासवर्णनात शहराबाहेरच्या एका मोठ्या रुग्णालयाची हकीकत दिली आहे. गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री असे रोगी, लंगडे आणि वयाने थकलेले प्राणी तेथे व्यापारी मंडळींच्या खर्चाने पोसले जात. त्याला याचे मोठे नवल वाटले. पांजरपोळाची ती परंपरा सुरतेत आजही आहे. त्या काळी थकलेल्या जिवाला चारा, पाणी आणि आसरा देणे एवढेच माणसाच्या हाती होते, आणि ते त्याने मनापासून दिले. पुढे १८८६ मध्ये मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज सुरतेजवळ नवसारीसही असे महाविद्यालय आहे. दयेच्या जोडीला आता निदान आले आहे. नुसत्या दयेने रक्तदाब कळत नाही. त्यासाठी पट्टा बांधून तो मोजावाच लागतो.

इतके करूनही दृष्टी गेलीच, तर निराश होण्याचे कारण नाही. वेदना नसतील तर आंधळी मांजरी वर्षानुवर्षे समाधानाने जगते. तिची ताटली, पाणी आणि मातीचे घमेले एकाच जागी ठेवावे. ट्रंक, पिंप, शिलाईयंत्र यांच्या जागा बदलू नयेत. दिवाळीच्या साफसफाईत सामान हलविले तर ते पुन्हा जेथल्या तेथे लावावे. स्पर्श करण्यापूर्वी हाक मारावी, नाही तर ती दचकून नखे मारील. जिन्याच्या तोंडाशी फळी आडवी लावावी आणि तिला एकटीला रस्त्यावर किंवा गच्चीवर जाऊ देऊ नये.

मांजर डोळे मिटून दूध पिते, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हाताऱ्या मांजरीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा डोळे मिटून घेतो ते आपणच. आपल्या घरी दहा वर्षांवरील मांजर असेल, तर आज दिवेलागणीला तिला जवळ घ्या आणि तिच्या दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, उजेडात त्या लहान होतात का, एवढे पाहून ठेवा. फरक दिसला, तर तिला उद्याच पशुवैद्याकडे न्या.