घरीं बांधलेलें कोरणयंत्र

निष्णात सुताराच्या हातांतील पटाशी लांकडावर चालूं लागली म्हणजे ती आपण होऊनच चालते आहे असें पाहणाराला क्षणभर वाटतें. वस्तुतः तिच्यामागें हात असतो, हातामागें डोळा असतो, आणि त्या दोहोंमागें वर्षानुवर्षांचा सराव असतो. आज ज्या यंत्राविषयीं मी बोलणार आहें त्याला हात आहे, डोळा मात्र नाहीं. एवढा एक भेद ध्यानांत ठेवला तर या यंत्राचें निम्में शास्त्र समजलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

सीएनसी राउटर या नांवानें हें यंत्र ओळखलें जातें. एका चौकटींत जलद फिरणारें कोरण्याचें हत्यार बसविलेलें असतें, आणि तें डावीउजवीकडे, पुढेंमागें व वरखालीं अशा तीन दिशांनीं सरकूं शकतें. कोणत्या क्षणीं कोठें सरकावें हें संगणक त्याला आंकड्यांच्या भाषेंत सांगतो. यापलीकडे त्यांत कांहीं जादू नाहीं.

या कल्पनेचा जन्म सुतारशाळेंत झालेला नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत जॉन पार्सन्स नांवाचे कारखानदार हेलिकॉप्टरचीं पातीं तयार करीत असत. पात्यांच्या वक्र रेषेवरील बिंदूंचे आंकडे गणकयंत्राकडून काढून घ्यावे आणि त्या आंकड्यांबरहुकूम कापण्याचें यंत्र चालवावें, ही युक्ति त्यांना सुचली. १९४९ सालीं तेथील विमानदलानें या कामाचा मक्ता दिला, आणि १९५२ च्या सप्टेंबरांत एमआयटी या विख्यात संस्थेच्या प्रयोगशाळेंत, छिद्रें पाडलेल्या फितीवरून हुकूम घेणारें यंत्र लोकांना दाखविण्यांत आलें. त्या काळचा नियंत्रक म्हणजे निर्वात नळ्यांनीं भरलेलें एक मोठें कपाटच होतें. आज तेंच काम तळहातावर मावणारी एक पट्टी करते. २००५ सालीं इटलींत विद्यार्थ्यांसाठीं आर्डुइनो हा स्वस्त नियंत्रक निघाला. २००९ सालीं सिमेन स्वाले स्कोग्सरुद या गृहस्थांनीं त्यावर चालणारी जीआरबीएल नांवाची आज्ञावली लिहून ती सर्वांना मोफत दिली. आणि २०११ सालीं एडवर्ड फोर्ड यांनीं शेपओको या घरगुती यंत्राचे आराखडे खुले केले. कारखान्यांतील यंत्र घरच्या टेबलावर आलें तें अशा उदार माणसांमुळें.

बाजारांत ३०१८ या आंकड्यानें विकला जाणारा सुट्या भागांचा संच नवशिक्याला पुरेसा आहे. सुमारें ३० सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद एवढी त्याची कामाची जागा, म्हणून तें नांव. भाग जोडावयास एक दिवस लागतो; तें यंत्र खरें करावयास आठवडा लागतो. या दुसऱ्या कामाचा कंटाळा असेल त्यानें या वाटेस जाऊं नये. ज्याला दारावर एकच पाटी हवी आहे त्यानें सरळ सुताराकडे जावें. पैसाहि वांचेल आणि सुतारालाहि चार पैसे मिळतील.

खरें करणें म्हणजे काय? प्रथम चौकट काटकोनांत आणावयाची. हातांतला लहान गुण्या येथें पुरत नाहीं. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले नाहींत तर कोन चुकला आहे. किंवा एका बाजूवर ३०० मिलिमीटर व दुसरीवर ४०० मिलिमीटर खूण करून त्या खुणांतील तिरपें अंतर बरोबर ५०० भरतें कीं नाहीं तें पाहावें. जुन्या गवंड्यांनीं पायाची आंखणी याच रीतीनें केली आहे. नंतर हत्यार पाटाला लंब आहे ना, हें पाहावयाचें. त्याची युक्ति मोठी सोपी आहे. कटरच्या जागीं एक वांकविलेली तार धरावी, आणि वीज बंद ठेवून ती हातानें सावकाश वर्तुळांत फिरवावी. तारेचें टोंक व पाट यांतील फट सर्वत्र सारखी राहिली तर हत्यार सरळ उभें आहे. शेवटीं, पाटावर एमडीएफचा एक तक्ता बसवून यंत्राकडूनच तो वरून थोडा रंधून घ्यावा. ज्या पातळींत हत्यार सरकतें त्याच पातळींत तक्ताहि येतो, आणि पुढें कोरतांना एका टोंकास खोल व दुसऱ्या टोंकास उथळ असें होत नाहीं.

आतां डोळ्याच्या अभावाविषयीं बोलूं. या यंत्राच्या मोटारी पावलापावलानें फिरतात. एका फेऱ्यास २०० पावलें, आणि नियंत्रक बहुधा प्रत्येक पावलाचे ८ भाग करतो. म्हणजे १,६०० सूक्ष्म पावलें झालीं. आटेदार दांड्याच्या एका फेऱ्यांत हत्यार ८ मिलिमीटर सरकत असेल, तर एका मिलिमीटरास २०० सूक्ष्म पावलें पडतात. हा आंकडा नियंत्रकास एकदां सांगून ठेवावा लागतो. १०० मिलिमीटरांचा हुकूम देऊन पट्टीनें मोजलें आणि अंतर ९९ च भरलें, तर २०० च्या जागीं २०२ लिहावें. कागदावर पाहिलें तर ही अचूकता केंसाच्या जाडीहून कितीतरी बारीक आहे. परंतु कटर लांकडाच्या गांठीवर अडला, मोटारीला तो पुढें रेटवला नाहीं आणि ४०० सूक्ष्म पावलें हुकलीं, तर तें नियंत्रकाला कळविणारें या स्वस्त यंत्रांत कोणी नसतें. तो आपल्या मतें योग्य जागींच असतो. पुढील सारी आकृति दोन मिलिमीटर सरकून कोरली जाते, आणि तीहि मोठ्या निष्ठेनें. आट्यांत ढिलेपणा असला तरी अशीच फसगत होते. दिशा बदलतांना दांडा थोडा रिकामाच फिरतो, आणि वर्तुळ चार ठिकाणीं चपटें निघतें. म्हणून स्प्रिंगनें ताणलेलें दुहेरी नट घालतात.

गांठीवर अडणें टाळावयाचें असेल तर वेगाचा हिशेब समजला पाहिजे. नवशिक्याला वाटतें, सावकाश चालवावें म्हणजे धोका नाहीं. येथें तें उलटें आहे. कटर मिनिटास १०,००० फेरे घेत असेल, त्याला दोन धारा असतील, आणि प्रत्येक धारेनें ०.०५ मिलिमीटर जाडीचा छिलका काढावा अशी इच्छा असेल, तर या तिन्ही आंकड्यांचा गुणाकार १,००० येतो; तितके मिलिमीटर हत्यारानें दर मिनिटास सरकलें पाहिजे. त्याहून फार हळू सरकलें तर धार कापावयाचें सोडून घासूं लागते, लांकूड काळें पडतें, करपल्याचा वास येतो आणि कटर बोथट होतो. छिलक्याबरोबर उष्णता बाहेर जात असते. पिठासारखा भुसा पडूं लागला कीं ती कटरमध्येंच राहते. यंत्र दुबळें वाटलें तर गति फार उतरवूं नये, खोली कमी करावी. तीन मिलिमीटर जाडीच्या कटरनें सागवानांत एका फेरींत एक मिलिमीटर उतरणें पुष्कळ झालें.

शहरांतील बिऱ्हाडांत आणखी दोन अडचणी आहेत. एक आवाजाची, तीवर दुपारची वेळ व जाड खोका हाच उपाय, आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना आधीं सांगून ठेवणें अधिक शहाणपणाचें. दुसरी धुळीची, आणि ती थट्टेची नव्हे. लांकडाची धूळ माणसांत कर्करोग उत्पन्न करते असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालींच दिलेला आहे. एमडीएफमध्यें तर राळेंतील फॉर्माल्डिहाइडहि असतें. तेव्हां भुसा ओढून घेणारा पंखा, तोंडावर चांगला मुखवटा आणि डोळ्यांना चष्मा, हे तिन्ही हवेतच. हातमोजे मात्र फिरत्या हत्याराजवळ घालूं नयेत. ते गुंडाळून हाताला ओढून नेतात. आणि यंत्र चालू ठेवून बाजारांत जाऊं नये. बोथट कटरखालीं भुसा धुमसूं लागला तर यंत्र थांबणार नाहीं. त्याला त्याचा पत्ताहि नसतो. वीज तोडण्याचें बटण हाताच्या टापूंत असावें.

एवढें झाल्यावर पहिलें काम म्हणून दारावरील पाटी घ्यावी, कारण देवनागरी अक्षर या यंत्राची उत्तम परीक्षा घेतें. कांहीं आज्ञावलींत आपलीं अक्षरें नीट जुळत नाहींत. ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूस पडते, जोडाक्षर फुटतें. इंकस्केप या मोफत आज्ञावलींत मजकूर लिहून त्याच्या कडांच्या रेषा करून घ्याव्या आणि मग त्या पुढें द्याव्या, म्हणजे ही पीडा टळते. सपाट टोंकाच्या कटरनें अक्षर कोरलें तर आंतले कोपरे गोलच राहणार, कारण कटर स्वतः गोल आहे. शिरोरेषा व दंड जेथें मिळतात तेथें तें डोळ्यांत भरतें. त्यासाठीं टोंकदार कटर घ्यावा. तो जाड रेषेंत खोल उतरतो, बारीक रेषेंत वर येतो, आणि कोपऱ्यांत जवळजवळ पृष्ठभागापर्यंत चढून तो धारदार करतो. टोंकाचा कोन ९० अंशांचा असेल तर सहा मिलिमीटर रुंद रेषेला तीन मिलिमीटर खोली लागते. ६० अंशांचा असेल तर तीच पांच मिलिमीटरांहून थोडी अधिक होते. पातळ फळी असल्यास म्हणून पहिलाच बरा.

कोरून झाल्यावर पाटीला आधीं लाखेच्या रोगणाचा एक हात द्यावा, म्हणजे रंग लांकडाच्या रेषांतून पसरत नाहीं. मग अक्षरांत रंग भरावा. बाहेर सांडला तरी चिंता नाहीं. तो पुरता वाळल्यावर पृष्ठभाग कांचकागदानें हातानें घासावा. सांडलेला रंग निघून जातो, आणि नांव तेवढें स्वच्छ उरतें.