कारभाराची विद्या



व्यवसाय-व्यवस्थापनाची पदविका म्हटले की वडीलधारी माणसे विचारतात, "पदवी का नाही?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर विद्येत नसून कायद्यात आहे. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे व्यवस्थापनाच्या संस्था निघाल्या, त्या विद्यापीठे म्हणून नव्हे, तर नोंदलेल्या सोसायट्या म्हणून. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाचा. म्हणून पदवीधरांना दोन वर्षे शिकवूनही या संस्था पदव्युत्तर पदविकाच देत. २०१७ चा कायदा झाला तेव्हा कोठे त्यांना पदवी देता येऊ लागली.

तेव्हा नावापेक्षा आत काय शिकवतात ते पाहावे. अहमदाबादने हार्वर्डच्या सहकार्याने प्रकरण-पद्धती आणली. कारखान्याची खरी अडचण विद्यार्थ्यापुढे ठेवायची: माल पडून आहे, उधारी थकली आहे, कामगार नाराज आहेत. माहिती अपुरी, वेळ थोडा. आता तुम्ही काय कराल? गणिताच्या पुस्तकाप्रमाणे शेवटच्या पानावर उत्तर नसते. सोबतीचे विद्यार्थी निर्णय खोडून काढतात आणि त्याची कारणे द्यावीच लागतात.

आपला दुकानदार जमाखर्च जाणतो, गिऱ्हाईक ओळखतो. ते ज्ञान खरे, पण एका दुकानापुरते. कारखान्याच्या कारभाऱ्याच्या एका सहीवर शंभर घरांच्या चुली अवलंबून असतात. म्हणून पालकहो, संस्थेला मान्यता आहे ना, एवढे आधी पाहा. आणि मग विचारा, आमच्या मुलामुलींना येथे आपल्या निर्णयाचा जाब द्यावा लागेल काय?