मंगळ आणि सूर्य : यानांच्या दृष्टीतून
(प्रतापनगर, नागपूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेले भाषण)



मे महिन्याच्या अखेरीस प्रतापनगरातील एखाद्या पटांगणात सरळ काठी रोवली, तर एका दुपारी तिची सावली क्षणभर बुडाशीच नाहीशी होते. सूर्य त्या वेळी नेमका माथ्यावर असतो. विदर्भाला सूर्याचा परिचय नव्याने करून देण्याचे कारण नाही. तथापि त्याचे एक रूप नागपूरच्या उन्हातही कोणास दिसत नाही.

ते रूप टिपणारी 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' या संस्थेने इस्रोच्या सहकार्याने सिद्ध केली. २ सप्टेंबर २०२३ रोजी ती आदित्य-एल१ यानातून निघाली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील नियोजित कक्षेत यान ६ जानेवारी २०२४ रोजी पोहोचले. पूर्ण सूर्यबिंबाची पहिली चित्रे मात्र वाटेतच, डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली होती. ही दुर्बीण अतिनील किरणांत, ११ फिल्टरांमधून सूर्य पाहते. या किरणांचा मोठा भाग ओझोनचा थर वरच अडवितो. म्हणून शेतकरी दिवसभर शिवारात राबू शकतो. आणि म्हणूनच दुर्बीण वातावरणाबाहेर न्यावी लागते.

मंगळाची गोष्ट निराळी आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. सहा महिन्यांसाठी योजिलेल्या या यानाशी संपर्क २०२२ पर्यंत टिकला. त्याच्या कॅमेऱ्याने तांबडा, हिरवा व निळा प्रकाश नोंदविला. त्यामुळे चित्रातील तांबूस मंगळ डोळ्यांना दिसेल त्याच्या जवळचा आहे. तो रंग गंजलेल्या लोहयुक्त धुळीचा होय.

सूर्याच्या अतिनील चित्रांना रंग मात्र शास्त्रज्ञ देतात. मग ती चित्रे खोटी काय? जिल्ह्याच्या नकाशात नदी निळी छापतात. पावसाळ्यात ती गढूळ वाहते, म्हणून नकाशा खोटा ठरत नाही. रंग हा संकेत आहे. प्रत्येक बिंदूवर मोजलेली तेजस्विता हे सत्य आहे.

या मोजणीचे मोल मोठे आहे. मे २०२४ मधील सौरवादळाच्या वेळी लडाखमधील हानले येथे रात्रीचे आकाश तांबूस उजळले. अशा वादळांचा उपग्रह, बिनतारी संदेशवहन व वीजवाहिन्या यांस धोका असतो.

अशी चित्रे आता शाळांच्या भिंतींवर लागत आहेत. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी अवश्य लिहाव्यात : चित्र कोणत्या किरणांत घेतले, आणि रंग कोणी दिला. "सूर्य खरेच असा दिसतो का?" असे एखाद्या मुलीने विचारले, तर "नाही, का ते पाहू" हे उत्तर तिला मिळाले पाहिजे. विज्ञानशिक्षणाचा आरंभ तेथेच होतो.