गाडीमागून धावणारा माणूस

'कार्ट' हा शब्द कानी पडला म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम बैलगाडीच उभी राहावी, हे स्वाभाविक आहे. घाटावरील बैलगाड्यांच्या शर्यती आणि विदर्भातील शंकरपट यांची ज्यांना ओळख आहे, त्यांना तर शर्यतीचा धुरळाही लगेच आठवेल. परंतु येथे जिचा विचार करावयाचा, ती गाडी निराळी. पोलादी नळ्यांचा एक आटोपशीर सांगाडा, चार ठेंगणी चाके, जमिनीपासून दोन-चार बोटांवर टेकलेले आसन आणि त्या आसनाला खेटून बसविलेले लहानसे इंजिन, एवढाच तिचा संसार. छप्पर नाही, दार नाही, धक्के शोषून घेणाऱ्या स्प्रिंगाही नाहीत. रस्त्यावरील प्रत्येक खडा चालकाच्या बरगड्यांना कळतो.

या गाडीच्या जुन्या शर्यती ज्यांनी पाहिल्या, त्यांच्या मनात एक दृश्य कायमचे राहिले असेल. त्या काळच्या शंभर घनसेंटिमीटरच्या इंजिनाला क्लच नसे. साखळीने इंजिन थेट मागच्या आसाला जोडलेले, त्यामुळे चाक थांबले की इंजिन बंद. मग गाडी सुरू करावयाची कशी? चालक आसनावर बसे आणि दुसरा एक माणूस गाडीचा मागचा भाग उचलून धरीत धावू लागे. पुरेसा वेग आला की तो गाडी खाली सोडी. चाके जमिनीला लागत, इंजिन खाकरत जागे होई आणि गाडी त्याच्या हातांतून निसटून पुढे जाई. तो माणूस मात्र धापा टाकीत मागे राही. बहुधा तो चालकाचा बाप असे. निकालाच्या कागदावर त्याचे नाव येत नसे. परंतु या खेळाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याला वगळून तो लिहिताच येणार नाही.

खेळाचा आरंभ अगदी साधा होता. इ. स. 1956 मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या कारागिराने पहिली कार्ट तयार केली. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यात तो कामाला होता. गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनविलेली, पण खपाविना पडून राहिलेली इंजिने तेव्हा स्वस्तात मिळत. त्यांतील एक घेऊन त्याने लू बोरेली या मित्राच्या साहाय्याने ही गाडी जुळविली. पॅसाडिना येथील 'रोझ बोल' क्रीडांगणाच्या वाहनतळावर ती धावताना पाहून इतरांनाही हुरूप आला. ज्याच्या घरी वेल्डिंगचे साधन आणि सुट्टीचा दिवस आहे, त्याला परवडेल अशी शर्यत जन्माला आली होती. अवघ्या काही वर्षांत तिने अटलांटिक ओलांडला. 1962 मध्ये तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि 1964 मध्ये रोम येथे पहिली जगज्जेतेपदाची स्पर्धा होऊन ग्वीदो साला हा इटालियन चालक विजयी ठरला.

गाडी लहान असली तरी तिचे शास्त्र सोपे नाही. वळण घेताना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. मोटारीत त्यासाठी डिफरन्शियलची योजना असते. कार्टमध्ये मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर पक्की बसविलेली. तेव्हा वळणावर सांगाड्याने किंचित पिळवटून आतले चाक जमिनीवरून सूतभर उचलावे लागते; न उचलले तर गाडी अडखळते, जास्त उचलले तर वेळ वाया जातो. म्हणूनच शर्यतीच्या आवारात पहाटेपासून खटपट चाललेली दिसते. कोणी टायरातील हवा मोजतो, कोणी साखळीला तेल देतो, कोणी हवेतील दमटपणाचा अदमास घेऊन कार्ब्युरेटरचा स्क्रू केसभर फिरवितो. आई डब्यातून खाणे काढते, धाकटी भावंडे पाने-हातोड्यांतच खेळतात. शर्यत संपली तरी निकाल लगेच पक्का होत नाही. चालकासह गाडी वजनकाट्यावर चढते. ठरलेल्या वजनापेक्षा ती कमी भरली, तर पहिला आलेलाही बाद. यास्तव हलक्या मुलांच्या आसनाला शिशाचे तुकडे बोल्टांनी आवळलेले असतात. न्याय असा काट्यावर तोलला जातो, हे या खेळाचे एक भूषणच म्हणावयाचे.

परंतु काट्यावर न तोलता येणारे एक ओझे असते, ते कुटुंबाचे. जर्मनीतील केर्पेन गावचा कार्ट-मार्ग काउंट फॉन ट्रिप्स या शर्यतपटूने 1961 साली उभा केला. त्याच वर्षी इटलीतील मोंझा येथे अपघातात त्याचा अंत झाला. पुढे तो मार्ग रोल्फ शूमाखर या गवंड्याने चालवावयास घेतला. त्यांची पत्नी तेथील उपाहारगृहात काम करी. मुलाला नवे इंजिन हवे झाले. त्याची किंमत होती आठशे मार्क, आणि तेवढी रक्कम घरात नव्हती. गावातील व्यावसायिकांनी हातभार लावला म्हणून तो मुलगा, मिखाएल शूमाखर, शर्यतीत टिकला. 1984 मध्ये तो जर्मनीचा कुमार विजेता झाला आणि पुढे फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद त्याने सात वेळा मिळविले.

इंग्लंडमधील स्टीव्हनेज येथील अँथनी हॅमिल्टन यांची कथाही याच जातीची. त्यांचे आईवडील वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून आलेले. लुईस या मुलाला त्यांनी कार्ट घेऊन दिली. अभ्यासात कसूर होता कामा नये, एवढीच अट घातली. तिचा खर्च भागविण्यासाठी कधी कधी एकाच वेळी चार-चार कामे पत्करून ते शर्यतीच्या दिवशी मुलाचे मेकॅनिक म्हणून उभे राहत. 1998 मध्ये एका मोठ्या संघाने त्या मुलाची जबाबदारी उचलली, आणि पुढे त्यानेही सात जगज्जेतेपदे मिळविली.

या कथा सांगावयास गोड आहेत; परंतु त्यांतच एक धोका दडलेला आहे. यशस्वी मुलांचे बाप आपणास ठाऊक होतात. ज्यांनी तितकेच कष्ट केले, तितकेच कर्ज काढले, आणि ज्यांचा मुलगा नवव्या क्रमांकावरच राहिला, त्यांची नोंद कोण ठेवणार? जो खेळ गवत कापण्याच्या इंजिनावर सुरू झाला, तो आज टायर, इंजिने आणि दूरदूरचे प्रवास यांच्या खर्चाने श्रीमंतांकडे झुकला आहे. आठ वर्षांच्या मुलाला आपण घराची पुंजी घेऊन वळणात शिरतो आहोत असे वाटू लागले, तर खेळातील खेळ संपला असे समजावे. बापाने मागून धावणे ही माया आहे. परंतु योग्य क्षणी हात सोडला नाही, तर तेच धावणे मुलाला अडवू लागते.

यावर उत्तर शोधावयाचे, तर टेरी फुलर्टन या इंग्रजाकडे पाहावे. 1973 चा तो कार्टमधील जगज्जेता. त्याचा भाऊ मोटारसायकलच्या शर्यतीत मरण पावला होता. टेरी मोटारींच्या मोठ्या शर्यतींकडे गेला नाही. कार्टमध्येच राहिला आणि पुढे मुलांना हा खेळ शिकविण्यात रमला. 1978 मध्ये ब्राझीलहून आयर्टन सेना नावाचा अठरा वर्षांचा तरुण त्याच इटालियन संघात दाखल झाला. सेना पुढे तीनदा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. कार्टचे जगज्जेतेपद मात्र त्याला कधीच लाभले नाही. 1979 आणि 1980 अशी लागोपाठ दोन वर्षे तो दुसरा राहिला. 1993 मध्ये ऑस्ट्रेलियात पत्रकारांनी त्याला विचारले, आजवरचा सर्वांत समाधान देणारा प्रतिस्पर्धी कोण? सर्वांची अपेक्षा एखाद्या विश्वविख्यात नावाची होती. सेनाने नाव घेतले ते फुलर्टनचे. कारण त्या दिवसांत पैसा नव्हता, राजकारण नव्हते, होती ती निखळ शर्यत. पुढच्याच वर्षी इमोला येथे सेनाचा अपघाती मृत्यू झाला. कीर्तीच्या शिखरावरील माणसाने मागे वळून ज्याची आठवण काढावी, तो माणूस ते शिखर चढलाच नव्हता, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आपल्या देशातही या खेळाने मूळ धरले आहे. कोल्हापुरातील मार्गावर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. मुंबईच्या जेहान दारूवाला या मुलाने 2013 मध्ये ब्रिटनमधील कुमारांचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावून दाखविले. ज्या कोल्हापूरला तालमीची परंपरा आहे, तेथे हे सांगावयास नको की तालमीत येणारा प्रत्येक मुलगा हिंदकेसरी होत नाही. तरीही अंगाला लागलेली माती वाया जात नाही. कार्टच्या आवारात मुलगा पाना धरावयास शिकतो, हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हाती घेण्यास शिकतो, आणि काट्याने दिलेला निर्णय मुकाट्याने मानावयास शिकतो. एवढे पदरी पडले तर बापाचे धावणे सार्थकी लागले म्हणावे.

आता बटण दाबताच सुरू होणारी इंजिने आली आहेत. मागून धावण्याची गरज उरलेली नाही. तरीही शर्यत सुरू होताना कुंपणापाशी एक माणूस उभा असतो. त्याच्या हातांना तेलाचा डाग असतो, एका हातात वेळ मोजण्याचे घड्याळ असते. आणि गाड्या पहिल्या वळणाकडे झेपावतात तेव्हा नकळत त्याचीही दोन पावले पुढे पडतात.