नवऱ्यामागे पेन्शन: हक्क कोणता, अर्ज कसा

आळंदीतून चाकणला कामाला जाणारी किती तरी माणसं आहेत. त्यांतला एखादा अचानक गेला, की ‘दहा वर्षं नोकरी कुठं झाली होती, कसली पेन्शन?’ असं सांगून त्याच्या बायकोला परत पाठवणारे भेटतात. हे साफ चुकीचं आहे. दहा वर्षांची अट निवृत्तीच्या पेन्शनला. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ नुसार नोकरीत असताना मृत्यू झाला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन मिळते. किमान रक्कम महिना १,००० रुपये. फारच तुटपुंजी, पण हक्काची. पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना वेगळी.

पीएफ, पेन्शन आणि पीएफसोबतचा विमा हे तिन्ही एकाच एकत्रित अर्जात मागता येतात. विम्याचं अनेकींना ठाऊकच नसतं. ती रक्कम सात लाखांपर्यंत जाऊ शकते. पगाराच्या स्लिपवरचा पीएफचा यूएएन नंबर जपून ठेवा. मृत्यूचा दाखला, पासबुक, मुलांचे जन्मदाखले जोडा. आधारवर ‘सुनिता’ आणि पासबुकात ‘सुनीता’ असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. आणि नवरा ठेकेदाराकडे होता म्हणून गप्प बसू नका. ठेकेदाराच्या कामगारांच्या वर्गणीची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवरही आहे.