मुंबई पाहायची, पण आपल्या चालीनं
(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सभेत केलेलं भाषण)



रौप्यमहोत्सवाची सहल मुंबईला न्यायचं ठरलं आणि आखणी माझ्याकडे आली. बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या खर्चाचे अंदाज तपासले, म्हणून असेल. तरुण मंडळींनी ग्रुपवर यादी टाकली आहे : दोन दिवसांत सतरा ठिकाणं! मी ती वाचली आणि आधी आपल्या गुडघ्यांची यादी केली. येणारे बावीस. त्यात सत्तरीपुढचे अकरा, काठी घेणारे चार. ही चार माणसं जेवढं चालतील तेवढीच सहल, असं माझं मत आहे.

काही जण म्हणाले, मुंबईत काय पाहायचं, दहादा गेलोय. गेलोय खरे, पण कशाला? दवाखाना, मंत्रालय, विमानतळ, नाहीतर मुलाची मुलाखत. आपल्या एक वहिनी भाऊंच्या उपचारासाठी पाच महिने परळला राहिल्या. परवा सहज म्हणाल्या, "समुद्र काही पाहिला नाही हो." भाऊ आता नाहीत. वहिनींचं नाव मी यादीत पहिलं घातलंय. त्या अजून 'बघू' म्हणताहेत.

आता गाडी. मीटरगेजच्या काळात मनमाडला सामान उतरवून गाडी बदलावी लागायची, हे इथल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. देवगिरीनं रात्रीत पोचतो, पण या वयात रात्रीची झोप गेली की दुसरा दिवसही गेला. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून वंदे भारत सुरू झाली, ती आता नांदेडहून येते. शनिवारी सकाळी बसायचं, दुपारी सीएसएमटी. सोमवारी दुपारी परत. तिकीट महाग आहे, आणि ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, ते वेगळंच दुखणं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढायचं.

उतरायचं फोर्टातच. स्वस्त पडतं म्हणून लांब उपनगरात खोल्या घेतल्या, तर वाचलेला पैसा टॅक्सीत आणि अंगातलं बळ लोकलच्या जिन्यांत जाईल. शनिवारी संध्याकाळी फक्त मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसायचं, सूर्य बुडेपर्यंत. बाकी काही नाही.

रविवारी सकाळी कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे. मिनीबसनं ओव्हल मैदानाशी जाऊ. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, समोर १९३० नंतरच्या गोलसर गॅलऱ्यांच्या इमारती. दोन्ही बाजू मिळून २०१८ पासून जागतिक वारसा आहेत. टॉवर १८७८ चा, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतला, नाव त्यांच्या आईचं. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, बँकासुद्धा बुडाल्या. मोंढ्यात कापसाचे भाव पाहिलेल्या माणसाला हे काय समजवायचं! तिथून जवळच हुतात्मा चौक. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला, तेव्हा ही आपली राजधानी झाली. मुंबईसह महाराष्ट्र मात्र १९६० ला, या माणसांच्या प्राणांवर. तिथं पाच मिनिटं उभं राहू.

मग गेटवे. घारापुरी मी मुद्दाम वगळलीय. लाँचचा तासभर प्रवास, वर शंभराहून जास्त पायऱ्या. लेणी थोर आहेत, पण आपण वेरूळच्या दाराशी राहणारी माणसं! ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर जावं, सोमवारी मात्र ती बंद असतात. बाकीच्यांनी लाँचमधून बंदरातली छोटी फेरी मारावी. पाण्यावर बसल्याशी मतलब.

महिला मंडळाचा सिद्धिविनायक राहिला. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झालीय. सीएसएमटीहून बसलो की थेट सिद्धिविनायक स्टेशन, आणि लिफ्ट आहे. सोमवारी सकाळी लवकर उरकू. मंगळवारचा हट्ट कृपया कोणी धरू नये, ती गर्दी आपल्याला झेपणार नाही.

राणीची बाग, जुहू, फिल्म सिटी, मॉल, सगळं काढलंय. रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय मला फार पाहायचं होतं, तेही काढलं. तरुणांनी रविवारी दुपारी हवं तिथं हुंदडावं, फक्त दोघांनी आळीपाळीनं आमच्यासोबत थांबावं.

नावं आणि आधार कार्डाची प्रत येत्या रविवारपर्यंत सचिवांकडे द्या. गोळ्या तीन नव्हे, पाच दिवसांच्या घ्या. आणि वहिनींच्या मजल्यावरच्यांनी आजच संध्याकाळी त्यांच्याकडे एक चक्कर टाका.